एपिडर्म ईपीआय-200 कीट: त्वचा उत्तम, परीक्षा धुणाऱ्याची

एखादं रसायन त्वचेला चुरचुरतं का, हे पाहायला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणी मार्गदर्शिका 404 मध्ये सशाची भादरलेली पाठ लागते. 0.5 मिली द्रव, चार तास पट्टी आणि पुढे 14 दिवसांपर्यंत लाली-सूज पाहून 0 ते 4 गुण. पाहणारा बदलला की गुणही हलतात. 2010 मध्ये मार्गदर्शिका 439 आली आणि त्या पाठीच्या जागी माणसाच्या पेशींपासून वाढवलेली बाह्यत्वचा वापरता येऊ लागली. मॅटटेक कंपनीचा ईपीआय-200 हा त्यातला चांगला रुळलेला कीट.

कीटमध्ये 24 इन्सर्ट (तळातून पोषण झिरपू देणाऱ्या छोट्या वाट्या) येतात, प्रत्येकात 0.63 चौरस सेंमी त्वचा. खाली जिवंत केराटिनोसाइट (बाह्यत्वचेच्या पेशी), वर मृत थराचं कवच. खरी किंमत या कवचाची. प्लेटमधल्या उघड्या पेशींवर तेलकट किंवा न विरघळणारं सॅम्पल टाकायची सोयच नसते. इथे ते त्वचेवर लावावं तसं लावता येतं. तीन इन्सर्ट निगेटिव्ह कंट्रोलला (निरुपद्रवी द्रव), तीन पॉझिटिव्हला (5% एसडीएस, हमखास जळजळ करणारा साबणी पदार्थ), म्हणजे उरलेल्या 18 मध्ये सहा सॅम्पल बसतात.

टिश्यू, म्हणजे इन्सर्टमधली ही त्वचा, अगारोज या जेलीवर, थंड पेटीतून येतात. इन्सर्ट उचलताना तळाला अगारोजचा तुकडा चिकटला तर तो काढून टाका, नाहीतर मिडियम (पेशींचं पोषक द्रव) वर पोहोचत नाही. प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) 0.9 मिली मिडियम भरून इन्सर्ट थोडा तिरका सोडावा. सरळ ठेवला की खाली बुडबुडा अडकतो आणि टिश्यू मधोमध उपाशी राहतो. तासाभराने मिडियम बदलून रात्रभर इन्क्युबेटर.

डोस सोपा आहे. द्रव 30 मायक्रोलिटर, वर नायलॉनची जाळी. घन पदार्थ बारीक खलून 25 मिग्रॅ, तोही आधी 25 मायक्रोलिटर बफरने (क्षारयुक्त द्रावणाने) ओलावलेल्या टिश्यूवर. संपर्क 60 मिनिटांचा, त्यातली 35 मिनिटं 37 अंशांवर. एपिस्किन किंवा स्किनएथिक या दुसऱ्या त्वचा-मॉडेलची अनुक्रमे 15 आणि 42 मिनिटं इथे लावू नका. प्रत्येक मॉडेलची वेळ त्याच्या कवचाच्या ताकदीवर बेतलेली आहे. टिश्यूंना एकेक मिनिटाच्या अंतराने डोस द्या, म्हणजे धुतानाही तेच अंतर पाळता येतं.

खरी कसोटी धुण्यात आहे, आणि कीटला नावं ठेवणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळही तिथेच सापडतं. बफरची धार इन्सर्टच्या भिंतीवर, 15 वेळा भरायचं आणि ओतायचं. मग इन्सर्ट 150 मिली बफरमध्ये तीनदा पूर्ण बुडवायचा, आतून-बाहेरून पुन्हा एकदा धुवायचा, टिपकागदावर टेकवायचा आणि पृष्ठभाग निर्जंतुक कापसाच्या बोळ्याने हलकेच कोरडा करायचा. धार थेट मध्यावर मारली की कवच सुटतं. हात फार हलका पडला तर मेणचट सॅम्पल तसंच राहतं आणि पुढचे 42 तास टिश्यूला मारत बसतं. निरुपद्रवी रसायन मग जळजळ करणारं ठरतं. तीन टिश्यूंमधलं प्रमाण विचलन 18 टक्क्यांपुढे गेलं की पहिला संशय धुण्यावर घ्यावा.

ते 42 तास म्हणजे 24 तासांनी मिडियम बदल, मग आणखी 18. बुधवारी दुपारी एकला धुतलं तर शुक्रवारी सकाळी सातला एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून सांगणारी चाचणी. वेळापत्रक उलटं मोजूनच आखा, नाहीतर कुणाला तरी मध्यरात्री यावं लागतं.

एमटीटी या रंगद्रव्याचं द्रावण 1 मिग्रॅ प्रति मिली, तीन तास. जिवंत पेशी त्याचा जांभळा फॉर्मझान करतात. तो 2 मिली आयसोप्रोपेनॉलमध्ये काढून 570 नॅनोमीटरला रीडिंग. जीवनक्षमता निगेटिव्ह कंट्रोलच्या 50 टक्के किंवा त्याहून कमी आली तर जळजळ करणारं. निगेटिव्हचं रीडिंग 0.8 ते 2.8 मध्ये आणि पॉझिटिव्हची जीवनक्षमता 20 टक्क्यांच्या आत हवी. नसेल तर तो रन बाद.

सगळ्यात फसवं म्हणजे पेशींच्या मदतीशिवाय स्वतःच एमटीटी जांभळं करणारं सॅम्पल. टिश्यू मेलेला असला तरी रीडिंग ठणठणीत येतं. म्हणून आधी 30 मायक्रोलिटर सॅम्पल 1 मिली एमटीटीत घालून तासभर ठेवा. रंग आला तर गोठवून मारलेल्या टिश्यूंचा वेगळा कंट्रोल लागतो. सॅम्पल मुळात रंगीत असेल तर एमटीटीशिवायचा जिवंत टिश्यू लावावा. गडद रंगांचा गोंधळ त्यानेही सुटला नाही तर फॉर्मझान एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने) वेगळा करून मोजणं उत्तम.

मर्यादा स्पष्ट आहेत. जळजळ आहे एवढं कळतं. रसायन त्वचा जाळून कायमची इजा करणारं आहे की केवळ चुरचुरणारं, हे 439 सांगत नाही, त्यासाठी 431 ची वेगळी चाचणी. रोगप्रतिकारक पेशी नाहीत, त्यामुळे ॲलर्जीबद्दल हा टिश्यू मुका आहे. वायू आणि एरोसोलही चालत नाहीत. अशा ठिकाणी हा कीट घेतला तर दोष कीटचा नाही.

टिश्यू जिवंत माल आहे, फ्रीजमध्ये साठा करून ठेवता येत नाही. ऑर्डर देण्याआधी सगळ्या सॅम्पलची एमटीटी आणि रंगाची पडताळणी उरकून घ्या. मेलेले टिश्यू आधीच हाताशी लागतात, आणि रंगीत सॅम्पल निघालं की त्याच्या जादा कंट्रोलला तीन इन्सर्ट जाऊन सहाचा हिशेब पाचावर येतो.