सेल्फ खोलण्याआधी मीटर लावणारा वायरमन

द्राक्षबागेत चालणारा आमचा छोटा ट्रॅक्टर अठरा अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा आणि वीस वर्षांहून जुना आहे. मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, म्हणजे डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारणीची एक पहाटही चुकवता येत नाही अशा दिवसांत, त्याचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, रुसला. कधी इंजिन जड जड फिरून थांबे, कधी नुसते ‘टक’ होऊन पुढे काहीच होत नसे, कधी चावी फिरवूनही आवाजच येत नसे, आणि दुपारी ऊन चढल्यावर तोच ट्रॅक्टर निमूटपणे चालू होई. महिनाभरात मी ६,८०० रुपयांची नवी बॅटरी घेतली आणि ३,२०० रुपये देऊन सेल्फचे कार्बन व बुश बदलून आणले. दोष जागच्या जागी राहिला. पिंपळगाव बसवंत परिसरातील ज्या वायरमनने तो शेवटी शोधून काढला, त्याच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे.

दुकानाला पाटी नाही. शटरवर ‘सेल्फ, डायनमो, वायरिंग’ एवढेच रंगवलेले आहे. फोन पहिल्या दोन दिवसांत उचलला गेला नाही आणि माणूस तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, हे आधी नोंदवून ठेवतो. आल्यावर मात्र त्याने पान्यांच्या पिशवीला हात लावला नाही. ‘भाऊ, सेल्फ राहू द्या. आधी मला अर्थची वायर कुठे बसवली आहे ते दाखवा,’ असे म्हणून (ही वायर बॅटरीची ऋण बाजू ट्रॅक्टरच्या चॅसीला जोडते) त्याने खिशातून साधा डिजिटल मीटर काढला आणि मला चावीपाशी बसवले.

त्याची पद्धत सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण या आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांमध्ये कोणीही एकदाही मीटर लावला नव्हता. प्रथम त्याने बॅटरी स्वस्थ असताना मोजली: १२.७ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग डिझेल बंद ठेवून मला सेल्फ मारायला सांगितले आणि मीटरच्या काड्या बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच टेकवल्या, क्लॅम्पवर नव्हे, तेथे ११.१ व्होल्ट दिसले. हाच आकडा साडेनऊच्या खाली गेला असता, तर बॅटरीवर संशय घेणे रास्त होते. त्यानंतर एक काडी सेल्फच्या मुख्य बोल्टवर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर धरली, तेव्हा मीटर ८.७ वर आला. बॅटरीपासून सेल्फपर्यंत पोहोचताना २.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेट घेते. ते हळू फिरले की हवा रिंगांमधून निसटते, उष्णता भिंतींत मुरते आणि इंजिन नुसते घरघरत राहते. पहाटेच चालू न होण्याचे आणि दुपारी होण्याचे कोडे तेथेच सुटले.

वाट दोन बाजूंची असते, म्हणून त्याने दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या. बॅटरीच्या धन खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.४ व्होल्टची गळती होती, जी चालण्यासारखी आहे. ऋण खुंटीपासून सेल्फच्या अंगापर्यंत मात्र पूर्ण २ व्होल्ट गळत होते. खात्रीसाठी त्याने जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे थेट सेल्फच्या बॉडीला लावले, आणि जो सेल्फ महिनाभर कण्हत होता तो एकदम गरगरला. ही चाचणी कोणालाही घरी करता येण्यासारखी आहे. मात्र आधी गिअर न्यूट्रल असल्याचे हाताने हलवून पाहावे आणि हातातील कडे व घड्याळ काढून ठेवावे.

अर्थची वायर खोलल्यावर जे दिसले ते मी अजून विसरलो नाही. वरून आवरण धड होते, परंतु थिंबलजवळ, म्हणजे वायरच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या धातूच्या कडीजवळ, चाकूने चिरताच आतून हिरवी भुकटी सांडली आणि तांब्याचे निम्मे तरी धागे नखाने तुटू लागले. चॅसीवर ज्या ठिकाणी बोल्ट होता, तेथे गंज आणि त्यावर निळसर पापुद्रा जमला होता. बोर्डोची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी करणाऱ्यांना हा रंग ओळखीचा असेल. मोरचूद लोखंडाला खातो हे आपल्याला फवारणीच्या टाकीपुरते माहीत असते, पण ब्लोअर, म्हणजे पंख्याचे फवारणी यंत्र, मागे जोडून वर्षानुवर्षे फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या चॅसीवरही तेच पाणी उडत असते, याचा विचार मी कधी केला नव्हता.

नवी केबल त्याने ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची घातली, थिंबल प्रेसने दाबले, चॅसीचा रंग घासून लखलखीत धातू उघडा केला आणि बोल्ट आवळून झाल्यावर त्यावर व्हॅसलीन फासले. या वेळी केबल चॅसीवर नव्हे, तर सेल्फ ज्या बोल्टने इंजिनाला बसतो त्याच बोल्टखाली घेतली. पुन्हा मोजल्यावर अर्थच्या बाजूची गळती ०.२ वर आली आणि सेल्फला ९.८ व्होल्ट मिळू लागले. गंमत अशी की बॅटरीचा आकडा मात्र ११.१ वरून १०.५ पर्यंत उतरला. मी दचकलो, तेव्हा त्याने समजावले की सेल्फ आता पूर्ण करंट ओढतो आहे, म्हणून बॅटरी थोडी अधिक वाकणारच. जाता जाता इंजिन चालू ठेवून चार्जिंगही पाहिले, १४.१ व्होल्ट होते. केबल, थिंबल आणि घरी येण्याची मजुरी धरून १,१५० रुपये झाले.

काम तेवढ्यावर संपले नाही. आठवड्याने ‘टक’ होऊन थांबण्याचा प्रकार पुन्हा दोनदा घडला. या खेपेला मी ट्रॅक्टरच दुकानावर नेला. ‘टक टक टक’ असा सलग आवाज आणि एकच ठळक ‘टक’ यांत फरक असतो, हे मला तेथे कळले: सलग आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा किंवा ढिल्या जोडाचा असतो, कारण सेल्फने भार घेताच व्होल्ट कोसळतात, सोलेनॉइड (बॅटरीचा करंट सेल्फला जोडणारा चुंबकी स्विच) सुटतो आणि पुन्हा ओढला जातो, एकच ‘टक’ झाला तर सोलेनॉइड ओढला गेलेला असतो, पण पुढे करंट जात नाही. त्याने सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर काड्या टेकवून मला चावी फिरवत राहायला सांगितले. सहाव्या-सातव्या खेपेस ‘टक’ होऊन सेल्फ थांबला, आणि जेथे जवळजवळ शून्य दिसायला हवे तेथे मीटरने १२ च्या वर व्होल्ट दाखवले. आतील तांब्याची चकती एका कडेने जळून तिला खड्डा पडला होता. नवा सोलेनॉइड विकण्याऐवजी त्याने चकती उलटी केली, बोल्ट अर्धा वळसा फिरवून कोरी बाजू पुढे आणली आणि ६०० रुपये घेतले. काढलेले सुटे भाग न मागता हातात ठेवले, हेही सांगायला हवे.

माझी खरी तक्रार पुढची आहे. चावी फिरवूनही आवाज न येण्याचे कारण क्लचखालच्या सुरक्षा स्विचमध्ये निघाले. दांडी कधी त्याला दाबत होती, कधी नाही. त्याने क्षणाचाही विलंब न लावता दोन्ही वायरी पिळून टेप गुंडाळली. मी हरकत घेतली तेव्हा ‘सगळेच काढून टाकतात, भाऊ,’ एवढेच उत्तर मिळाले. नऊ फूट अंतराच्या ओळींत ब्लोअरची टाकी भरायला एक माणूस ट्रॅक्टरच्या मागे उभा असतो, आणि गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर चावीसरशी उडी मारतो. इतके नेमके मोजमाप करणाऱ्या कारागिराने येथे असा निष्काळजीपणा करावा, याचे मला वाईट वाटले. चार दिवस पाठपुरावा केल्यावर २५० रुपयांचा नवा स्विच बसवून मिळाला. लेखी बिल मागूनही मिळाले नाही, आणि हमीविषयी विचारले असता तो फक्त हसला.

तरीही सेल्फ, चार्जिंग किंवा वायरिंगचा दोष असेल तर मी याच दुकानात जाईन; स्विच जागेवर ठेवण्याची अट मात्र आधीच घालीन. जुलैपर्यंत, म्हणजे पहिली बोर्डो सुरू होण्याआधी, गेलेले बरे, कारण हंगामात तो तिसऱ्या दिवसाआधी हाती लागत नाही. जाताना ट्रॅक्टरच न्यावा. सेल्फ खोलून मोटारसायकलवर घेऊन जाणारे दोघे जण मी तेथे असतानाच आले होते, आणि त्यांना त्याने सेल्फ परत नेऊन बसवायला सांगितले, कारण अर्थची वायर त्यांच्या घरीच राहिली होती.