कुडल, तुळजापूर की नळदुर्ग? सोलापुरातून रोडबाइक कुठे काढावी

सोलापुरात नवी रोडबाइक, म्हणजे अरुंद टायरची वेगवान सायकल, घेतली की पहिले काही आठवडे होटगी रोड आणि विजापूर रोडवर सहज निघून जातात. मग वेध लागतात मोठ्या राइडचे. दक्षिणेला भीमा-सीनेचा संगम, उत्तरेला बालाघाटचे डोंगर, पूर्वेला बोरी नदी. तिन्हीकडे जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात, त्यामुळे अंतर बघून काहीच ठरत नाही. मग "घाट कुठे आहे?" एवढंच विचारलं जातं, आणि ज्या रस्त्यावर घाट नाही तो सोपा धरला जातो.

मला हे पटत नाही. आपलं शहर पठारावर आहे. डोंगराकडे निघालात तर चढ जाताना लागतो, पाय ताजे असताना. नदीकडे निघालात तर उतार आधी मिळतो, आणि त्याची परतफेड येताना करावी लागते, ऊन डोक्यावर आलेलं असताना. शिवाय वारा. जून ते ऑगस्ट तो पश्चिमेकडून येतो आणि चांगलाच दमदार असतो. थंडीत तो पूर्व-ईशान्येकडून येतो, पहाटे जाणवत नाही आणि उन्हं वर आली की वाढतो. चढ आणि वारा परतीच्या वाटेवर एकत्र गाठतात की वेगवेगळे, हे बघून रस्ता निवडावा. घाटाचा नंबर त्यानंतर.

हत्तरसंग कुडलपासून सुरुवात करू, कारण फसगत सर्वांत जास्त इथेच होते. अंतर सुमारे 40 किलोमीटर. सैफुल मागे टाकलं की चौपदरी विजापूर रोड, वडकबाळला सीनेचा पूल, पुढे तेरा मैल नावाचं ठिकाण, मंद्रूप, आणि टाकळीच्या आसपास महामार्ग सोडून आत. जाताना सायकल आपोआप पळते. दोन्ही बाजूंना ऊस, अंगावर गार हवा, ॲव्हरेज बघून मन खूश. संगमावर भीमा आणि सीना एकमेकींना भेटतात तिथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही जुनी देवळं आहेत. उत्खननात सापडलेलं बहुमुखी शिवलिंग बघाच: एकाच दगडावर 359 छोटे मुखवटे कोरलेले आहेत. आणि संगमेश्वराच्या देवळातला तो शिलालेख, शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा. "वाछि तो विजेया होईवा", जो वाचेल तो विजयी होईल. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. इतकं मोलाचं ठिकाण सायकलच्या टप्प्यात आहे याचा मला फार अभिमान वाटतो, आणि सोलापूरच्या प्रत्येक सायकलवाल्याने एकदा तरी तिथे जावं असं मनापासून वाटतं.

पण पहिली मोठी राइड म्हणून नको, आणि डिसेंबर-जानेवारीत तर नकोच. त्या दिवसांत ईशान्येचा वारा जाताना पाठीवर असतो आणि रस्ताही नदीकडे उतरत असतो. येताना दोन्ही उलटे. मंद्रूपनंतरचा रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, कुठेही चढ म्हणावा असं काही नाही, तरी वेग 28 वरून 19 वर येतो आणि तिथेच राहतो. घाटात निदान माथा दिसतो, इथे तोही नाही. त्यातच गाळपाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर कडेच्या पट्टीवरून चालतात, त्यांना ओलांडायचं तर मधल्या लेनमध्ये जावं लागतं, आणि पडलेल्या उसावर अरुंद टायर गेला की सायकल हाताबाहेर जाते. कुडलला जायचंच तर पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात, गाळप सुरू होण्याआधी जावं. त्याआधी सीनेच्या पाण्याची चौकशी करावी. सप्टेंबर 2025 च्या पुरात विजापूर रोड आणि पुणे रोड दोन्ही काही काळ बंद झाले होते. उन्हाळ्यात बाकीच्या नद्या आटल्या तरी टाकळीला भीमेत पाणी दिसतं, कारण शहराच्या पिण्यासाठी उजनीतून ते नदीत सोडलं जातं. ते बघून एप्रिलमध्ये निघायचा मोह होतो. पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि परतीला सावली जवळपास नाहीच, तेव्हा पहाटे पाचला निघून नऊच्या आत घरी येता येत असेल तरच.

आता तुळजापूर. घाट म्हटला की नवखे बिचकतात, पण थंडीत पहिल्या मोठ्या राइडसाठी मी हाच रस्ता सुचवेन. शहरापासून सुमारे 45 किलोमीटर. हिप्परग्याचा तलाव, उळे, तामलवाडी असा रस्ता हळूहळू वर चढत जातो. सोलापूर आणि तुळजापूर यांच्या उंचीत साधारण 200 मीटरचा फरक आहे, आणि त्यातला जाणवणारा भाग सिंदफळनंतरच्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये येतो. थंडीत वाराही जाताना समोर. म्हणजे त्रास सगळा आधी. तामलवाडीलाच दम लागला तर तिथून मागे फिरा, घरापर्यंत उतार आणि पाठीवर वारा. दमलेल्या माणसाला घरी सुखरूप आणणारा रस्ता हा सोलापूर परिसरातला मोठा गुण आहे, आणि तो घाटाच्या रस्त्यात आहे.

घाटात एकच पथ्य: पायथ्याशी जोर करू नका. डोंगर समोर दिसला की पाय आपोआप जड गिअर मागतात. तेव्हाच चेन मागच्या मोठ्या दातेरी चकतीवर टाका, पायांची लय टिकवा आणि शेजारून घरघरत जाणाऱ्या एसटीशी स्पर्धा करू नका. मागच्या चकत्यांच्या संचात, म्हणजे कॅसेटमध्ये, सर्वांत मोठी चकती 28 दात्यांची असेल तर चालेल, 32 असेल तर गप्पा मारत चढाल. उतरताना मात्र डोळे उघडे हवेत. पायी येणारे भाविक कडेने चालतात, काही अनवाणी, आणि त्यांचं लक्ष देवीकडे असतं, तुमच्याकडे नाही. हात खालच्या हँडलवर, दोन्ही ब्रेक थोडे थोडे. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. नवरात्राच्या तोंडावर तर हा रस्ता गावोगावी ज्योत घेऊन धावणाऱ्या पोरांचा असतो, आणि कोजागिरीला अख्खं सोलापूर पायी तुळजापूरला निघतं. त्या दिवसांत रस्त्यावर पहिला हक्क त्यांचा. चालत जायचं असेल तर त्यांच्याबरोबर चालत जा, सायकल घरी राहू द्या.

नळदुर्गचं अंतरही सुमारे 45 किलोमीटरच, हैदराबाद रोडने. बोरामणी, इटकळ, अणदूर आणि मग बोरीच्या काठावरचा किल्ला. इथे एक मोठा घाट नाही की सरळ सपाटीही नाही. रस्ता वर-खाली होत होत एकूण वरच जातो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जाताना ढकलतो, म्हणून चढ जाणवत नाही. येताना उतार असतो, पण वारा समोर. दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी फेडतात. पूर्वेचा वारा सुटला की जाणंच जड होतं, पण परत येणं सुखाचं. दोन्ही ऋतूंत जमेल असा हा एकच रस्ता. अडचण आहे ती ट्रकची. मुंबई-पुण्याहून हैदराबादला जाणारी अवजड वाहतूक इथूनच जाते, आणि मोठा ट्रक अगदी जवळून गेला की आधी हवेचा धक्का बसतो, मग सायकल आत खेचल्यासारखी होते. हँडल घट्ट आवळू नका, कोपरं सैल ठेवा. नव्याने सायकल चालवणाऱ्याला एकट्याने मी या रस्त्यावर पाठवणार नाही; चार-पाच जण असाल तर खुशाल जा.

ऑगस्ट-सप्टेंबरात बोरी भरून वाहत असेल तर तिन्हींत नळदुर्ग पहिला, यात मला शंका नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. नदी भरली की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात, आणि आपण त्या पाण्याच्या मधोमध, भिंतीच्या आत उभे असतो. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट ओल्या दगडावर घसरतात, तेव्हा बॅगेत साध्या चपला ठेवा. रविवारी गर्दी फार, शनिवारी पहाटे निघा.

जुलैमध्ये वारा फारच असेल आणि तिन्ही नको वाटले तर मंगळवेढा रोडने माचणूरला जा. तिऱ्ह्याला सीना, बेगमपूरला भीमा, आणि पलीकडे औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला आणि काठावरचं सिद्धेश्वराचं देऊळ. साधारण 40 किलोमीटर पश्चिमेला असल्याने वारा जाताना छातीवर घ्यावा लागतो, पण नदीवरून वर येताना तोच मागून हात देतो. थंडीत मात्र हा कुडलचाच भाऊ. पुढे मंगळवेढ्यापर्यंत गेलात आणि जानेवारी असेल तर हुरडा चुकवू नका.

खाणं-पाणी: तुळजापूर आणि नळदुर्गला वाटेत चहा-नाश्ता सहज मिळतो. कुडलला महामार्ग सोडल्यावर फारसं काही नाही, म्हणून दोन मोठ्या बाटल्या भरून घ्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मला अजूनही कुठल्याही एनर्जी बारपेक्षा चांगली वाटते, चटणीतलं मीठ घामाची भरपाई करतं. फक्त भाकरी जर्सीच्या खिशात नको, तिचा चुरा होतो. हँडलच्या पिशवीत ठेवा.

टायर 25 ऐवजी 28 किंवा 32 मिलिमीटर रुंदीचे घ्या, विशेषतः कुडलसाठी. महामार्ग सोडला की बाभळीचे काटे आणि सराटे. पावसानंतर काळी माती ब्रेकपाशी थापली जाते ती वेगळीच. सराट्याचं टोक टायरमध्ये तुटून राहतं आणि बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट सावकाश पूर्ण फिरवा, टोचलं की ते टोक चिमट्याने काढा आणि मगच नवी ट्यूब घाला, नाहीतर पुढच्या दोन किलोमीटरमध्ये तीही जाते. ट्यूब दोन आणि हातपंप एक, तिन्ही रस्त्यांवर.