बर्डीवरचे कंपास: कोणता घ्यावा, काउंटरवर कसा तपासावा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्याआधी नागपुरातल्या बर्डी, महाल आणि गांधीबागेतल्या स्टेशनरीच्या दुकानांत कंपासपेट्यांचे ढीग लागतात. पालक डबा बघतात, झाकण नीट लागतं का ते बघतात, आणि आतला कंपास एकदाही न उघडता पैसे देतात. दहावीच्या गणित भाग 2 मध्ये भौमितिक रचना हे अख्खं प्रकरण आहे, नववीतही त्रिकोणाच्या रचना आहेत. दोन्हीकडे खरं काम पडतं ते कंपास आणि पट्टीवर. म्हणून हा आढावा पेटीचा नाही, कंपासचा आहे.

दुकानात तीन प्रकार दिसतात. पहिला नेहमीचा: एका पायाला सुई, दुसऱ्या पायाला कडं, कड्यात पेन्सिल बसवून स्क्रू आवळायचा. दुसरा तसाच, पण पेन्सिलीच्या जागी 2 मिमीचं शिसं बसतं. तिसऱ्यात दोन पायांच्या मध्ये आडवा आटेदार दांडा असतो आणि त्यावरची चक्री फिरवून पाय उघडतात. याला दुकानदार स्प्रिंगचा कंपास म्हणतात, काही जण बो कंपास. लहान मुलांचा बोथट टोकाचा प्लॅस्टिकचा कंपास चौथीपर्यंत ठीक, त्यापुढे त्याचा विचार करू नये.

कंपासची परीक्षा एकाच गोष्टीत आहे: घेतलेली त्रिज्या तो धरून ठेवतो का. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने गृहीत धरलेला कंपास कागदावरून उचलला की अंतर विसरणारा होता. म्हणूनच त्याच्या ‘एलिमेंट्स’ ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातली दुसरी रचना दिलेलं अंतर दुसऱ्या बिंदूपाशी नेण्याची आहे. सिद्धांतात ते सुंदर आहे. परीक्षेत मात्र प्रत्येक अंतर असं वाहून न्यायला वेळ नसतो, तिथे कंपासनेच अंतर लक्षात ठेवावं लागतं.

कंपासची ही परीक्षा काउंटरवर दोन मिनिटांत होते. कोरा कागद मागा. 5 सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. कंपास तसाच उचला, वर्तुळावर कुठेही सुई ठेवा आणि त्याच उघडीने (पायांमधल्या अंतराने) एकापुढे एक सहा खुणा करत जा. सहावी खूण पहिल्या बिंदूवरच पडली पाहिजे, कारण वर्तुळात बसणाऱ्या सुसम षट्कोनाची बाजू त्रिज्येइतकीच असते. उघड 0.2 मिमीने जरी सरकली तरी शेवटी जवळपास 1.4 मिमीचं अंतर उरतं, म्हणजे चूक सातपट मोठी होऊन समोर येते. डोळ्याला न दिसणारा ढिलेपणा इथे लपत नाही. हे करू न देणाऱ्या दुकानातून कंपास घेऊच नये.

पहिल्या प्रकाराचे कंपास या चाचणीत सगळ्यात जास्त अडखळतात. दोष बहुतेकदा डोक्याजवळच्या सांध्यात असतो. दोन पत्रे एका स्क्रूवर फिरतात, वापरताना स्क्रू हळूहळू सुटतो आणि पाय स्वतःच्या वजनाने उघडायला लागतो. छोट्या पेचकसाने तो आवळता येतो, पण फार आवळला तर पाय धक्क्याधक्क्याने सरकतो आणि 3.2 सेमी हवे असताना कधी 3.1 तर कधी 3.4 येतात. दुसरं कारण पेन्सिल. नवी कोरी, पूर्ण लांबीची पेन्सिल वर झुलते, तिचं वजन पायाला बाहेर ओढतं. कंपासमध्ये 8–9 सेमीचा तुकडाच लावावा. कंपास मिटल्यावर सुईचं टोक पेन्सिलीपेक्षा अर्धा मिमी पुढे असावं, कारण सुई तेवढी कागदात रुतते आणि मग दोन्ही टोकं एका पातळीत येतात.

दुसरा प्रकार वजनाला हलका, म्हणून चाचणीत बराच बरा ठरतो. मात्र शिसं धरणारी चिमटी आधी बघा: शिशाचं टोक बोटाने दाबल्यावर ते आत सरकलं तर कंपास परत ठेवा. शिसं गोल टोकाचं ठेवू नका. बारीक पॉलिशपेपरवर बाहेरच्या बाजूने तिरकं घासा, म्हणजे छिन्नीसारखी धार येते आणि कंस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीचा उमटतो. पट्टीने रेषा 2एच पेन्सिलीने काढत असाल तर कंपासमध्ये त्याहून मऊ एचबी शिसं घाला. कंपासवर हाताएवढा दाब देता येत नाही, कडक शिशाचा कंस फिका पडतो.

तिसरा, स्प्रिंगचा कंपास हीच नववी-दहावीसाठी योग्य खरेदी आहे. चक्री फिरवल्याशिवाय पाय हलत नाहीत, त्यामुळे सहा खुणांची चाचणी तो सहज पार करतो. त्याचीही उणीव आहे: मोठी त्रिज्या घ्यायला चक्री बराच वेळ फिरवावी लागते, आणि स्वस्त नगांत आटे लवकर घासतात. चक्री फिरवून पाय पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. मध्ये कुठे अडखळली किंवा मोकळी फिरली तर दुसरा नग मागा. शक्य तर सुईला खांदा, म्हणजे टोकाच्या वर जाड पायरी असलेला नग घ्या. खांदा सुईला खोल जाऊ देत नाही, भोक मोठं होत नाही, आणि एकाच केंद्रावरून तीन-चार कंस काढले तरी केंद्र तिथेच राहतं.

चांगला कंपासही वाईट सवयीपुढे हरतो. पाय धरून फिरवला की त्रिज्या बदलते. डोकं अंगठा आणि तर्जनीत धरून, फिरवण्याच्या दिशेला जरा झुकवून फिरवावा. उत्तरपत्रिकेचा कागद पातळ आणि बाक कडक, त्यामुळे सुई घसरते. खाली दोन-तीन पानं राहतील असं बघा. लंबदुभाजक काढताना मुलं निम्म्यापेक्षा किंचित जास्त त्रिज्या घेतात, तिथेही घात होतो. 6 सेमी रेषाखंडाला 3.1 सेमी त्रिज्या घेतली तर दोन छेदनबिंदूंत जेमतेम दीड सेमी अंतर राहतं आणि त्यांतून ओढलेली रेषा सहज कलते. 4.2 सेमी घ्या. कंस जवळपास काटकोनात छेदतात, छेदनबिंदू ठळक मिळतो आणि दोघांत 5.9 सेमी अंतर पडतं.

दहावीची स्पर्शिकेची रचना नव्या कंपासवर करून पाहण्यासारखी आहे. केंद्र O, त्रिज्या 2.5 सेमी, OP 6.5 सेमी. OP चा मध्यबिंदू M काढा, M केंद्र आणि 3.25 सेमी त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा, ते पहिल्या वर्तुळाला जिथे छेदतं ते बिंदू P ला जोडा. दोन्ही स्पर्शिका नेमक्या 6 सेमी भरल्या पाहिजेत. कर्कटकाने (डिव्हायडरने) मोजा. एक 6 आणि दुसरी 5.8 आली तर M सरकला आहे किंवा कंपास. समरूप त्रिकोणाच्या रचनेत किरणावर 5 किंवा 7 समान भाग घ्यावे लागतात. तिथे ढिला कंपास प्रत्येक पावलाला थोडा उघडतो आणि शेवटचा भाग पहिल्यापेक्षा मोठा होतो. मुलाला पायऱ्या येत असूनही आकृती चुकते, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोष त्याचा नसतो.

एलिमेंटरी या चित्रकला परीक्षेतल्या कर्तव्यभूमितीसाठी हाच स्प्रिंगचा कंपास पुरतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंगबोर्डावर रेषा आणि कोन काढायचं साधन) घेतला तरी कंस त्याने निघत नाहीत. त्यांनी त्रिज्या वाढवणारा जोडदांडा असलेला मोठा कंपास घ्यावा, आणि पाय गुडघ्यात वाकतात का ते बघावं, कारण मोठ्या त्रिज्येला सरळ पायाची सुई तिरपी बसते.

पट्टीची चाचणी याहून सोपी. दोन बिंदू जोडणारी रेषा काढा, पट्टी उलटी करून त्याच बिंदूंतून, त्याच कडेने पुन्हा काढा. मध्ये फट दिसली तर कड वाकडी आहे, आणि फट दिसते त्याच्या निम्मा खरा वाक असतो. प्लॅस्टिकची पट्टी मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत विसरू नका, नागपूरच्या उन्हात ती वाकू शकते. स्टीलची 15 सेमीची पट्टी घ्यावी, आणि तिच्यावर सुई ठेवून उघड घेताना शून्यापासून न घेता 1 पासून घ्यावी. 5 सेमी हवे तर 1 ते 6.