कॉन्व्हर की ग्रिमो: जुना मार्सेय टॅरो घेताना

टॅरो म्हणजे खेळायला आणि भविष्य वाचायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा संच. त्याच्या मार्सेय पद्धतीचे दोन जुने संच: फ्रान्सच्या मार्सेय शहरातला पत्तेकार निकोला कॉन्व्हर याचा आणि पॅरिसच्या ग्रिमो कंपनीचा. दोन्ही ७८ पत्त्यांचेच: २२ ‘मोठे’ म्हणजे खास चित्रांचे, ५६ ‘लहान’ म्हणजे चार गटांचे. फरक छपाईत आणि खिशाला पडणाऱ्या भारात.

कॉन्व्हरच्या संचावर १७६० हे साल असतं. ते छपाईचं धरू नका. तेच लाकडी ठसे पुढे एकोणिसाव्या शतकातही वापरात होते, त्यामुळे काळ ठरवायचा तो कागद, रंग आणि पाठीवरच्या नक्षीवरून. रंग कापून केलेल्या साच्यातून (स्टेन्सिल) हाताने भरलेले, म्हणून ते रेषेबाहेर सांडतात. तो दोष नव्हे. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर समजा ती आधुनिक प्रतिकृती आहे.

ग्रिमोची १९३०ची आवृत्ती कंपनीचा प्रमुख पॉल मार्तो याची. रंग सपाट, एकसारखे, त्यामुळे हरवलेल्याच्या जागी दुसऱ्या संचातून घातलेला बदली पत्ता ओळखणं अवघड. प्रत्येकाची पाठ आणि जाडी ताडून बघा.

टिकाऊपणात कॉन्व्हर नाजूक. चिकटवलेल्या कागदाचे थर दमटपणाने सुटतात. पावसाळी हवेत आम्लमुक्त कागदाची पेटी हवीच, आणि लॅमिनेशन तर चुकूनही नको.

पत्ते हाताळायचे, वाचायचे असतील तर ग्रिमो घ्या. छपाईचा इतिहास जमवायचा असेल तर कॉन्व्हर, अपुरा संच मिळाला तरी.