डीव्हीडी लागते, व्हीसीडी लागत नाही : प्लेअर वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीत घेतला तेव्हा या प्लेअरला मी चार स्टार दिले होते. जुलैत ते एकावर आणले. खोक्यावर ठळक 'व्हीसीडी' छापलेलं बघूनच मी पैसे मोजले होते, त्यामुळे राग त्याच एका गोष्टीचा आहे. बाकी रिमोट, एचडीएमआय, पेनड्राइव्ह सगळं ठीक.

आमच्याकडे कपाटाचा अख्खा खण नाटकांच्या व्हीसीडींनी भरलाय. मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी काढल्या त्या काळातल्या बऱ्याचशा. शिवाय बहिणीच्या लग्नाची. पाऊस सुरू झाला आणि व्हीसीडी घातली की ट्रे आत, थोडी घरघर, मग स्क्रीनवर 'नो डिस्क'. डीव्हीडी मात्र पहिल्या फटक्यात लागायची.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं : "साहेब, तुमच्या डिस्क जुन्या झाल्यात, मशीन ओके आहे." ओके कसलं? त्याच डिस्क शेजाऱ्यांच्या जुन्या प्लेअरवर व्यवस्थित चालतात. मी त्यांच्याच काउंटरवर नवीकोरी ऑडिओ सीडी घालून दाखवली. तीही 'नो डिस्क'. तरी ऐकेनात.

दोष नेमका कुठे आहे ते इथेच कळतं. व्हीसीडी म्हणजे हलकी डीव्हीडी नव्हे, ती अंगाने सीडीच. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसीने 'व्हाइट बुक' हे व्हीसीडीचं प्रमाण ठरवलं, त्यात सीडीच्याच तबकडीवर एमपेग-१ पद्धतीने आटवलेलं चित्र बसवलं : आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ३५२ बाय २८८ पिक्सेल, एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं. म्हणून तर एका नाटकाला दोन-दोन डिस्क. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५०चा. पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागात, दोन्ही असतात, आणि एक गेला तरी दुसरा चालू राहतो. लग्नाची व्हीसीडी तर सीडी-आरवर, म्हणजे घरीही लिहिता येते अशा कोऱ्या सीडीवर लिहिलेली. तिच्यातल्या रंगाच्या थरावरून ६५०चा प्रकाश पुरेसा परतत नाही, त्यामुळे ७८०चा लेसर धड नसेल तर ती लागणारच नाही.

वॉरंटी असून त्यांनी पिकअप बदलून दिला नाही. शेवटी बाजारातल्या मेकॅनिककडे नेला. त्याने झाकण उघडलं, लेन्स पुसून पाहिली, फरक नाही म्हणताच नवा पिकअप टाकला. साडेतीनशे रुपये. आता लग्नाची व्हीसीडीसुद्धा न अडखळता चालते, आवाजही स्वच्छ. त्रेचाळीस इंची टीव्हीवर चित्र फुटतं, पण तेवढ्या पिक्सेलकडून जास्त मागणं बरोबर नाही. आतल्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला एव्ही केबलने जोडला तर छान दिसतं.

म्हणून मशीनला आता तीन स्टार, सर्व्हिसला शून्य. कुणी व्हीसीडीसाठी प्लेअर घेणार असेल, तर घरी लिहिलेली एखादी सीडी-आर सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. दुकानदार डीव्हीडी लावून दाखवेल, त्यावर पैसे काढू नका.