चेक इंजिनचा दिवा लागला: स्वतःचा स्कॅनर, ओळखीचा मिस्त्री की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

दिवा लुकलुकत असेल तर ही तुलना नंतर वाचा. लुकलुकणं म्हणजे बहुतेक वेळा इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, जाळतंय. गाडी कडेला घ्या, बंद करा आणि टोइंगवाल्याला बोलवा. दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, तापमान आणि ऑइलचा दिवा ठीक असेल, तर दोन-चार दिवस हाताशी आहेत.

त्या दिवसांत आधी स्वतःचा स्कॅनर, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा, असतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ते असतंच, त्याआधीच्या बऱ्याच बीएस-४ गाड्यांतही सापडतं. त्यात ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ अडॅप्टर लावला की मोबाइलवरच्या ॲपमध्ये बिघाडाचा कोड दिसतो. आयफोन असेल तर घेण्याआधी तो त्यावर चालतो का, हे नक्की बघा. साधे ब्लूटूथवाले चालत नाहीत. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते. स्वस्त अडॅप्टर एबीएस किंवा एअरबॅगचे कोड सहसा वाचत नाही, तेवढी त्याची मर्यादा.

खरी गफलत पुढे होते. कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव, असं आपण धरून चालतो. पी ०१७१ चा अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला एअर सेन्सर, थकलेला फ्युएल पंप, यांतलं काहीही असू शकतं. पी ०४२० दिसला की महागडा कन्व्हर्टर बदलायला सांगतात. पण सायलेन्सरची गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड देऊ शकतो. आणि कोड लगेच पुसू नका. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, किती आरपीएमवर होतं, याची नोंद कोडसोबत साठवलेली असते. तीही पुसली जाते आणि पुढच्या माणसाला चाचपडावं लागतं. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

इथून ओळखीचा मिस्त्री कामाचा. नागपुरात दिव्यामागचं कारण कित्येकदा वायरिंगमध्ये निघतं: उंदरांनी कुरतडलेली वायर, उन्हाने कडक होऊन तडकलेलं कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा). गाडी सेकंडहँड असेल तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात, अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट भागात पाणी शिरलं तेव्हा, ती कुठे होती हे जरूर विचारा. बुडालेल्या गाडीच्या कपलरमधला गंज पुष्कळ उशिरा त्रास देतो. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल, तर आधी किटची ट्यूनिंग तपासायला सांगा.

मिस्त्री पारखायचा कसा? पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी वेगळी कॉइल असेल, तर चांगला माणूस दोन आणि तीनची कॉइल अदलाबदल करून गाडी चालवून बघतो. कोड पी ०३०३ झाला, तर कॉइलच खराब. तोच राहिला, तर प्लग, इंजेक्टर आणि पुढे कॉम्प्रेशन. याला नवा पार्ट लागत नाही. बॉनेट उघडण्याआधीच ‘सेन्सर गेला’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या.

सर्व्हिस सेंटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वॉरंटी चालू असेल तर थेट तिथेच जा. बाहेर वायरिंगला हात लावू दिला तर क्लेम नाकारायला निमित्त मिळतं. ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर अपडेट, हायब्रिड, एअरबॅग ही कामंही तिथलीच. स्कॅनिंगचे पैसे वेगळे पडले तर हरकत नाही, पण पार्ट बदलण्याआधी कोड आणि केलेली तपासणी लेखी मागा.

बीएस-६ डिझेल असून तुम्ही रोज फक्त धरमपेठ ते सदर एवढंच फिरत असाल, तर या तिन्हींआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. छोट्या फेऱ्यांत डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते. फक्त डीपीएफचा दिवा लागला असेल आणि मॅन्युअलमध्ये तसं सांगितलं असेल, तर वर्धा रोडवर एकसारख्या वेगात अर्धा तास गाडी चालवली की तो बहुतेकदा विझतो. सोबत चेक इंजिनचाही लागला असेल, तर मात्र स्कॅनिंगच करून घ्या.