व्यासपीठ की कंपनी: जे कार्नी यांच्या दोन वाटा

पत्रकारिता सोडणाऱ्याने सरकारचा प्रवक्ता म्हणून व्यासपीठावर उभं राहावं की कंपनीची बाजू सांभाळावी? अमेरिकी पत्रकार जे कार्नी यांनी 'टाइम' नियतकालिकात सुमारे 20 वर्षं काढली. सोव्हिएत संघ कोसळत होता तेव्हा ते मॉस्कोत होते. पुढे वॉशिंग्टन ब्युरोचे प्रमुख झाले. 2008 च्या अखेरीस ते पत्रकारिता सोडून जो बायडेन यांच्याकडे गेले, 2011 ते 2014 व्हाइट हाउसचे प्रवक्ते होते आणि 2015 मध्ये अ‍ॅमेझॉनला रुजू झाले. एकाच माणसाने दोन्ही वाटा चालल्यामुळे तुलना सोपी होते.

प्रवक्त्याला ब्रीफिंगसाठी पत्रकारांसमोर व्यासपीठावर उभं राहावं लागतं. समोर कालचेच सहकारी, कॅमेरे सुरू, शब्दन् शब्द नोंदला जातो. उत्तर टाळलं तर ते टाळणंही सगळ्यांना दिसतं. पत्रकाराचं थोडं इमान इथे टिकू शकतं, असं मला मनापासून वाटतं.

कंपनीत बोलायचं कधी, हे कंपनी ठरवते. ऑगस्ट 2015 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अ‍ॅमेझॉनमधल्या कामाच्या वातावरणावर मोठा वृत्तांत छापला. ऑक्टोबरमध्ये कार्नींनी कंपनीच्या वतीने जाहीर उत्तर दिलं आणि बातमीत बोललेल्या एका माजी कर्मचाऱ्याने नोकरी का सोडली, याची कंपनीची बाजूही त्यात मांडली. 'टाइम्स'च्या संपादकांनी लगेच प्रत्युत्तर दिलं. बातमीसाठी बोलणाऱ्याला जपण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या पत्रकाराने हे लिहावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पगार नि स्थैर्य कंपनीतच जास्त, यात वाद नाही. तरी कुणी तरुण वार्ताहराने विचारलं, तर मी आधी व्यासपीठाकडे बोट दाखवेन.